वाचकांचे प्रश्न : पन्हाळी पत्र्याचे विमान आणि प्राध्यापक युंकर्स

प्रवासी विमानांच्या आरंभकाळाविषयी मागील अंकात लिहिताना १९१९ सालच्या 'एफ १३' या जर्मन विमानाचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांचा रोख त्या विमानाचे जनक ह्यूगो युंकर्स यांच्याकडे असल्यामुळे या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. हे नाव आपल्याकडे इंग्रजी वळणाने 'जंकर्स' असे लिहिले जाते. जर्मन उच्चार 'युंकर्स' असा असल्याने येथे तोच स्वीकारला आहे.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मुलाकडे जर्मनीला गेलो असता म्युनिखच्या डॉइचेस म्युझियममध्ये 'एफ १३' पाहिले. आमच्याकडे गोदामाच्या छपराला असतो तसल्या पन्हाळी पत्र्याचे ते विमान पाहून आश्चर्य वाटले. लाकूड आणि कापडाची विमाने उडत असताना पत्रा कशासाठी? आणि पत्राच वापरायचा तर तो गुळगुळीत का नाही? पन्हळींमुळे हवेला अडथळा होत नसे का? (एक निवृत्त अभियंता, सांगली)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, अडथळा होत असे, आणि तो युंकर्स यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघाला. तरीही त्यांनी पन्हाळी पत्रा का निवडला, हे समजण्यासाठी त्यांच्याआधीचे विमान डोळ्यांसमोर आणावे लागेल. १९१० च्या सुमाराचे विमान म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, आणि हा डोलारा कोसळू नये म्हणून चहूबाजूंनी ओढलेल्या तारा व टेकू. पंख पातळच असला पाहिजे, ही तेव्हाची पक्की समजूत होती. जाड वस्तू हवेला जास्त अडवणार, हे कोणालाही उघड वाटेल असेच होते. परंतु पातळ पंखाला स्वतःच्या बळावर विमानाचे वजन पेलता येत नाही, म्हणून तारा येतात, आणि गोल तार दिसायला बारीक असली तरी हवेला फार वाईट रीतीने फाडते. पंख पातळ ठेवून जे वाचवले, ते तारांनी खाऊन टाकले, असा तो व्यवहार होता.

युंकर्स यांनी हा हिशेब उलट्या टोकाकडून मांडला. फूटपट्टी आडवी धरून दाबली तर सहज वाकते आणि तीच उभी धरली तर वाकत नाही, कारण वाकण्याला होणारा विरोध वस्तूच्या उंचीबरोबर झपाट्याने वाढतो. पंख आतून पोकळ पण चांगला जाड केला, तर सगळी बळकटी त्याच्या पोटातच बसवता येईल आणि बाहेर एकही तार लागणार नाही, हा त्यांचा विचार. १ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी याच कल्पनेचे पेटंट मागितले. त्यात तर ते आणखी पुढे गेले होते : इंजिन, माल, माणसे, सगळेच पंखाच्या पोकळीत जावे आणि विमान म्हणजे केवळ एक उडता पंख असावा. जाड पंख हवेला खरोखरच तितका अडवतो का, हे त्यांनी तर्कावर सोडले नाही. जर्मनीतील आखन या शहरी वायुबोगदा, म्हणजे आतून जोराचा वारा सोडून वस्तूला होणारा अवरोध मोजण्याची नळी, उभारून त्यांनी निरनिराळ्या आकारांची मापे घेतली, आणि आकार नीट घडवला तर जाडी वाढवूनही अवरोध त्या प्रमाणात वाढत नाही, असे त्यांना आढळले.

असा पोकळ आणि टणक पंख बनवायचा तर लाकडापेक्षा धातू बरा, कारण लाकूड ओलाव्याने फुगते, उन्हाने तडकते आणि एका झाडाची फळी दुसऱ्यासारखी नसते. पहिल्या प्रयत्नात त्यांनी पोलाद वापरले. डिसेंबर १९१५ मध्ये उडालेल्या 'जे १' या विमानाचे बाहेरचे आवरण गुळगुळीत पोलादी पत्र्याचे होते आणि त्याला आतून पन्हाळी पत्रा वेल्ड करून जोडला होता. हे पत्रे काही ठिकाणी जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटर जाडीचे होते, म्हणजे एखाद्या जाड कागदाइतके. तरीही विमान जड झाले. मग युंकर्स यांनी ड्युरॅल्युमिनकडे मोहरा वळवला. ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि अल्प मॅग्नेशियम मिसळून आल्फ्रेड विल्म यांनी शोधलेला हा मिश्रधातू तापवून थंड केल्यावर पुढील काही दिवसांत आपोआप कठीण होत जातो, आणि त्याचे वजन पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश असते. अडचण अशी की वेल्ड केल्यास त्याची ताकद जाते. म्हणून रिव्हेट मारणे आले, आणि आतून पन्हाळी पत्रा जोडून बाहेर गुळगुळीत आवरण ठेवण्याची दुपदरी रचना गैरसोयीची ठरली. त्यावर उपाय म्हणून पन्हळीच बाहेर आणल्या. साधा पातळ पत्रा बोटाने दाबला तरी खळगा पडतो. त्यालाच पन्हळी दिल्या की तो त्या दिशेने ताठ होतो, हे आपल्या गोदामाच्या छपरावर चालणाऱ्या माणसाला सांगावे लागत नाही.

पन्हळी पुढून मागे, म्हणजे हवा वाहते त्याच दिशेने ठेवल्या होत्या, त्यामुळे हवा त्यांच्या खोबणीतून सरळ निघून जाईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पंखावरील हवा सर्वत्र अगदी सरळ वाहत नाही, थोडी तिरपी होते आणि पन्हळींना आडवी जाते. शिवाय हवेच्या संपर्कात येणारा पृष्ठभागही पन्हळींमुळे वाढतो. विमानांचा वेग कमी होता तोवर ही किंमत परवडण्यासारखी होती. १९३० नंतर वेग वाढले, गुळगुळीत पत्र्यालाच भार पेलायला लावण्याची रीत रुळली, आणि पन्हाळी पत्रा मागे पडला.

प्रश्न : युंकर्स हे मुळात पाणी तापवण्याच्या गिझरचे कारखानदार होते, असे वाचले. हे खरे असल्यास ते विमानांकडे कसे वळले? (एक भौतिकशास्त्राच्या शिक्षिका, नांदेड)

उत्तर : खरे आहे, आणि माझ्या मते त्यांच्या विमानाचे मूळ त्या गिझरमध्येच शोधावे. ह्यूगो युंकर्स यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजी ऱ्हाइन नदीच्या परिसरातील ऱ्हाइट या कापडगिरण्यांच्या गावात झाला. अभियांत्रिकीचे शिक्षण बर्लिन, कार्ल्सरूह आणि आखन येथे घेतल्यावर ते १८८८ मध्ये डेसाऊ या गावी आले. तेथील गॅस कंपनीत विल्हेल्म फॉन ओशेलहॉयझर यांच्याबरोबर त्यांनी एकाच नळकांड्यात समोरासमोर धावणाऱ्या दोन दट्ट्यांचे गॅस इंजिन तयार केले. इंजिनाची कार्यक्षमता काढायची तर गॅसमध्ये उष्णता किती हे आधी अचूक कळले पाहिजे, म्हणून त्यांनी उष्णतामापक बनवला. त्याची रचना आपल्या विद्यार्थ्यांना फळ्यावर सहज काढून दाखवता येईल : गॅस जळत राहतो, त्याची उष्णता वाहत्या पाण्याला दिली जाते, आणि आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान आणि पाण्याचे प्रमाण यांवरून गॅसची उष्णता मोजली जाते. हे उपकरण १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात गौरवले गेले.

आता याच उपकरणातील मोजमाप बाजूला ठेवा आणि तापलेले पाणी कामाचे माना. तोच गॅसचा गिझर. नळ सोडताच वाहत्या पाण्याला तापवणारे हे यंत्र बनवण्यासाठी १८९५ मध्ये डेसाऊ येथे युंकर्स आणि कंपनी स्थापन झाली, आणि पुढची कित्येक वर्षे युंकर्स यांच्या संशोधनाचा खर्च लोकांच्या न्हाणीघरांतून निघत राहिला. आपल्याकडे तांब्याच्या बंबात लाकडे घालून पाणी तापवणाऱ्या पिढीला या यंत्राचे अप्रूप किती असेल, याची कल्पना करता येते. पण विमानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. उष्णता लवकर पलीकडे जावी म्हणून गिझरच्या आतला पत्रा शक्य तितका पातळ लागतो, आणि तो गळता कामा नये. कागदासारखा पत्रा वाकवणे, जोडणे आणि ताठ ठेवणे या कामात डेसाऊचे कारागीर वीस वर्षे मुरलेले होते. 'जे १' बांधले गेले ते याच कारखान्यात, याच माणसांच्या हातून.

विमानाची ओढ लावली ती मात्र आखनने. १८९७ मध्ये युंकर्स तेथील तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. यंत्रशास्त्र शिकवणारे त्यांचे सहकारी हान्स राइसनर विमानाचे प्रयोग करू लागले तेव्हा त्यांनी मदतीला युंकर्स यांना घेतले. १९१२ मध्ये उडालेल्या राइसनर यांच्या विमानाचे पन्हाळी पत्र्याचे पंख डेसाऊहून बनवून आले होते. पेटंटचा अर्ज केला तेव्हा युंकर्स यांचा एक्कावन्नावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. राइट बंधूंसारखी तारुण्यातील धडपड त्यांच्या वाट्याला आली नाही. त्यांनी विमानाचा प्रश्न हाती घेतला तो एका प्रौढ, कसलेल्या यंत्रज्ञाने दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम हाती घ्यावे तसा. १९१२ मध्येच प्राध्यापकी सोडून ते पूर्णवेळ आपल्या कारखान्याकडे आणि संशोधनाकडे वळले.

प्रश्न : 'जे १' हे जगातील पहिले धातूचे विमान म्हणावे काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : विमानात धातू वापरण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही अनेकांनी केले होते; राइसनर यांचे उदाहरण वर आलेच आहे. परंतु सांगाड्यापासून आवरणापर्यंत सर्व धातूचे, बाहेरून एकही तार नसलेले आणि व्यवहारात उपयोगी पडू शकेल असे पहिले विमान म्हणून 'जे १' चा मान सर्वत्र मानला जातो. बर्लिनजवळच्या डोबेरित्झ येथे १२ डिसेंबर १९१५ रोजी त्याने पहिली भरारी घेतली, ती अगदीच छोटी आणि जमिनीलगतची. लष्करी मंडळींनी त्याचे नाव 'पत्र्याचे गाढव' असे ठेवले. गाढव ताशी १७० किलोमीटर धावले हे खरे, पण वर चढायला ते फार मंद होते, आणि लढाऊ विमानाला तो दोष चालत नाही.

प्रश्न : 'एफ १३' इतके चांगले होते तर युंकर्स कायम कर्जात का राहिले? (एक मराठी वाचक, इंदूर)

उत्तर : कारण चांगले विमान बनवणे आणि ते विकत घेणारे जग सापडणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'एफ १३' ने पहिले उड्डाण केले २५ जून १९१९ रोजी, आणि अवघ्या तीन दिवसांनी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या. तहामुळे जर्मनीच्या विमानबांधणीवर आधी बंदी आणि मग बंधने आली. त्याच वेळी दोस्तराष्ट्रांत युद्धातून उरलेली हजारो लाकडी विमाने कवडीमोलाने मिळत होती. बॉम्ब ठेवायच्या जागी खुर्ची ठेवली की झाले प्रवासी विमान, अशी स्थिती होती.

त्या गर्दीत 'एफ १३' वेगळे उठून दिसते. ओटो रॉयटर यांच्या प्रमुखतेखाली आखलेले हे विमान प्रवाशांसाठीच जन्माला आलेले होते. बंदिस्त आणि उबदार खोलीत चार प्रवासी, प्रत्येकाला बसायला गादीची जागा, आणि कमरेला पट्टा. पंख प्रवाशांच्या पायांखाली ठेवण्यामागेही विचार होता. विमान आदळलेच तर आधी पंखाने मार सोसावा, माणसांनी नव्हे. चाकांच्या जागी तरंगते पाट लावले की ते नदीवर उतरे आणि घसरपट्ट्या लावल्या की बर्फावर. कोलंबियात माग्दालेना नदीकाठच्या मार्गावर, जिथे बोटीचा प्रवास दिवसच्या दिवस चाले, तिथे हेच विमान पाण्यावरून उडत आणि पाण्यावर उतरत सेवा देत होते. उघड्यावर पडून राहिले तरी ते कुजत नसे, ही गोष्ट उष्ण देशांत लाकडी विमानांच्या मालकांना हेवा वाटावा अशी होती. सर्व प्रकार धरून तीनशेहून अधिक 'एफ १३' बांधली गेली.

गिऱ्हाईक नाही तर गिऱ्हाईक निर्माण करावे, या विचाराने युंकर्स यांनी स्वतःच हवाई वाहतूक सुरू केली आणि निरनिराळ्या देशांतील वाहतूक कंपन्यांना पैशाऐवजी भागीदारीच्या बोलीवर विमाने दिली. यात जाळे पसरले, पण रोकड आली नाही. त्यातच मॉस्कोजवळील फिली येथील कारखान्याचे प्रकरण उद्भवले. तहाच्या डोळ्यांआड रशियात लष्करी विमाने बांधावीत, हा जर्मन लष्कराचा गुप्त बेत होता आणि त्यासाठी युंकर्स यांना आर्थिक पाठबळाचे आश्वासन होते. कारखाना १९२२ नंतर उभा राहिला, अपेक्षित मागणी आली नाही, मदत अपुरी पडली आणि तोटा युंकर्स यांच्या अंगावर पडला. या घासाघिशीत त्यांची वाहतूक कंपनी हातची गेली. जानेवारी १९२६ मध्ये ती दुसऱ्या एका कंपनीत विलीन होऊन लुफ्तहान्सा निर्माण झाली.

यात त्यांच्या स्वभावाचाही वाटा होता, हे मान्य करावे लागेल. नफा आला की तो नव्या प्रयोगशाळेत घालायचा, ही त्यांची रीत. विमान आणि गिझर यांच्या जोडीला विमानांसाठी डिझेल इंजिने, पत्र्याची घरे, जाळीदार लोखंडी छपरांचे गोदाम, असे उद्योग एकाच वेळी चालत. डेसाऊला आलेल्या बाउहाउस या कलाशाळेलाही त्यांचा आधार होता, आणि तेथील मार्सेल ब्रॉयर यांना नळीच्या पोलादाच्या सुप्रसिद्ध खुर्च्या घडवताना युंकर्सच्या कारखान्यातील कारागिरांची मदत झाली. १९२९ मध्ये उडालेले 'जी ३८' हे चार इंजिनांचे, ४४ मीटर रुंद विमान त्यांच्या १९१० च्या स्वप्नाच्या सर्वांत जवळ पोहोचले. त्याच्या पंखांच्या मुळाशी प्रवासी बसत आणि पुढच्या काचेतून समोरचे आकाश पाहत. अशी विमाने फक्त दोन बांधली गेली. नेमके त्याच वर्षी जागतिक मंदी आली. १९३२ मध्ये सावकारांचा तगादा असह्य झाल्यावर ज्या गिझरने सारे पोसले होते तो कारखाना त्यांनी बॉश कंपनीला विकला, आणि विमानाचा कारखाना वाचवला.

प्रश्न : ज्या माणसाच्या नावाची स्टुका विमाने वॉर्सावर बॉम्ब टाकत होती, त्याचे कौतुक आपल्या मासिकाने करावे हे खटकले. (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपला आक्षेप रास्त भावनेतून आलेला आहे, म्हणून त्याला तारखांनी उत्तर देतो. स्टुका, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारे 'यु ८७' हे विमान, प्रथम उडाले सप्टेंबर १९३५ मध्ये. त्याचे रचनाकार हेर्मान पोलमान. ह्यूगो युंकर्स त्यापूर्वी सात महिने मरण पावले होते, आणि कारखान्यात त्यांचे पाऊल पडू दिले गेले नव्हते त्याला तर त्याहून अधिक काळ लोटला होता.

नाझींचे सरकार जानेवारी १९३३ मध्ये आले. नव्या हवाई दलासाठी त्यांना देशातील सर्वांत मोठे विमान कारखाने ताबडतोब हवे होते, आणि त्यांतील एकाचा मालक त्यांच्या तालावर नाचायला तयार नव्हता. त्याच्या कारखान्यांत ज्यू आणि डाव्या विचारांची माणसे होती, तो बाउहाउसचा मित्र होता, आणि विमान ही देशांना जोडणारी वस्तू आहे असे तो उघड म्हणत असे. चौहात्तर वर्षांच्या या वृद्धावर देशद्रोहाचा आरोप ठेवण्याची धमकी देण्यात आली, आणि त्यासाठी फिलीचे जुने प्रकरण उकरून काढले गेले. ज्या कामाला लष्करानेच ढकलले होते त्याच कामाबद्दल ही शिक्षा. जून १९३३ मध्ये त्यांच्याकडून पेटंट लिहून घेतली गेली, ऑक्टोबरमध्ये कंपनीचे ५१ टक्के भाग. त्यांना डेसाऊला येण्याची बंदी झाली, बव्हेरियातील बायरिशझेल येथे ते नजरकैदेत राहिले, आणि ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, म्हणजे आपल्या शहात्तराव्या वाढदिवशी, म्युनिखजवळच्या गाउटिंग येथे वारले. उरलेले भाग सरकारने त्यांच्या विधवा पत्नी तेरेझे यांच्याकडून मिळवले. कारखान्यावरची पाटी मात्र बदलली नाही, कारण त्या नावाला जगभर किंमत होती.

म्हणून काही त्यांना निव्वळ शांततावादी ठरवण्याचा मोह मला होत नाही. पहिल्या महायुद्धात त्यांनी जर्मन लष्करासाठी विमाने बांधली. इंजिन आणि वैमानिक यांभोवती पाच मिलिमीटर जाडीच्या चिलखती पत्र्याचे टोपले असलेले 'जे ४' दोनशेहून अधिक संख्येने आघाडीवर गेले. फिलीचा करारही त्यांनी डोळे उघडे ठेवून केला होता. सैनिकी पैशावाचून विमानाचा धंदा चालत नाही हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या पैशासाठी त्यांनी वेळोवेळी तडजोड केली. पण स्टुकाचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडणे चूक आहे. 'यु ५२' चे प्रकरण थोडे निराळे. एर्न्स्ट त्सिंडेल यांनी आखलेले ते पन्हाळी पत्र्याचे विमान १९३० मध्ये युंकर्स यांच्या हयातीत, त्यांच्याच कारखान्यात, एका इंजिनाचे मालवाहू विमान म्हणून उडाले. तीन इंजिने लावल्यावर ते लुफ्तहान्साचे लाडके झाले. त्यातून छत्रीधारी सैनिक उतरवण्याचा निर्णय मात्र नव्या मालकांचा.

प्रश्न : युंकर्स यांचे एखादे विमान आज उडताना पाहायला मिळते का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पणजी)

उत्तर : 'जे १' म्युनिखच्या संग्रहालयात जपले होते, ते दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले. 'एफ १३' ची हुबेहूब नवी प्रतिकृती बांधून २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील ड्युबेनडॉर्फ येथून उडवण्यात आली. तिच्यामागे रिमोवा ही सामानाच्या पेट्या बनवणारी जर्मन कंपनी होती. तिच्या ॲल्युमिनियमच्या पेट्यांवरच्या पन्हळी युंकर्सच्या विमानांवरूनच घेतलेल्या आहेत, त्यामुळे दाबोळी किंवा मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याकडे लक्ष ठेवलेत तर त्या पत्र्याचा एखादा वंशज आपल्याला दिसण्याचा संभव आहे. डेसाऊ येथे युंकर्स यांच्या नावाचे तंत्रसंग्रहालय असून तेथे 'यु ५२' ठेवलेले आहे. आणि गिझर? तो कारखाना विकल्यानंतरही कित्येक दशके बॉशने पाणी तापवण्याची यंत्रे 'युंकर्स' याच नावाने विकली.